तासाचा भाव : चार घरांच्या धंद्याच्या प्रकल्प नोंदी

८ डिसेंबर २०२४

ग्रामसंघाची (गावातल्या बचत गटांच्या संघाची) बैठक संपल्यावर आम्ही चौघी समाजमंदिरातच बसून राहिलो आणि प्रकल्प ठरवून टाकला. घरी बसून जो धंदा करतो तो वर्षभर कागदावर मांडायचा. पुढच्या डिसेंबरात त्या कागदाकडे बघून ठरवायचं की काय वाढवायचं, काय सोडायचं. मी बी.कॉम. झालेली, म्हणून वही माझ्याकडे आली.

गाव समुद्रपूर तालुक्यातलं, जिल्हा वर्धा. काकूंची हळद आहे, घरच्या वावरातली. वहिनी उडदाचे पापड लाटतात. मावशी उन्हाळ्यात कुरोड्या (कुरडया) आणि सरगुंडे (काडीवर वळलेल्या गव्हाच्या शेवयांसारखं वाळवण) करतात. माझी जवसाची चटणी. चौघी एकाच बचत गटात आहोत. ‘उमेद’च्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) प्रशिक्षणात शिकवलेली नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पाचही सूत्रं आमच्याकडे चोख पाळली जातात. गटाच्या वहीत पाच रुपयांचाही घोळ सापडणार नाही. घरच्या धंद्याचा मात्र एकीकडेही कागद नाही.

मी विचारलं, गेल्या साली पापडात किती उरले? वहिनी म्हणाल्या, “उरले नसते तं केलं असतं काय?” किती, ते सांगता आलं नाही. मलाही चटणीचं सांगता आलं नसतं. आलेला पैसा त्याच दिवशी किराण्यात, पोरांच्या वह्यांत, वावराच्या फवारणीत जातो. तो आला हे खरं, पण तो नफा होता की आपलीच मजुरी होती, हे कुठे दिसतच नाही.

२२ डिसेंबर २०२४

कच्च्या मालाचा हिशोब लिहायला घेतला. पापड आणि चटणीचं सोपं होतं, किराणा दुकानाच्या चिठ्ठ्या होत्या. अडलं ते हळदीवर. काकू म्हणाल्या, “घरची हळद हाय, तिले कायचा पैसा लावतं?”

यावर बराच वेळ बोललो. हळद वावरातून आली म्हणून फुकट धरली तर पॅकेटात दिसणारा सगळा पैसा धंद्याचा वाटतो. पण तीच हळकुंडं काकांनी बाजारात नेली असती तर त्यांचा भाव आलाच असता. म्हणजे धंद्याने काकांकडून ती हळकुंडं त्या भावाने विकत घेतली, असंच लिहायला हवं. वावर वेगळं, धंदा वेगळा. ओली हळद काढायची, उकडायची, वाळवायची, पाच किलो ओलीतून जेमतेम किलोभर कोरडी उरते, ती मेहनत शेतीच्या खात्यात. धंद्याचं खातं सुरू होतं ते निवडण्या-दळण्यापासून.

काकूंना पटलं. काकांना अजून पटलेलं नाही, कारण धंद्याने त्यांना पैसे ‘दिले’ असं वहीत लिहिलं तरी हातात काही पडलेलं नाही.

१६ जानेवारी २०२५

संक्रांतीची हळदीकुंकवं सुरू आहेत, रथसप्तमीपर्यंत चालतील. घरोघर वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या, चाळण्या, कंगवे. हळदीकुंकवाला हळदीचंच वाण का नको? यंदा वेळ गेली. पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवते.

९ फेब्रुवारी २०२५

तास लिहायचे, हे आज ठरलं. यात सगळ्यांत जास्त कुरबूर झाली. मावशींना ते अपमानासारखं वाटलं. “मी का मजूर हावो, घड्याळ पाहाले? स्वयंपाक करता करता होऊन जाते.” होऊन जातं, हे खरंच आहे. म्हणूनच ते कुठे लिहिलं जात नाही.

मी त्यांना आपल्याच गावातला भाव दाखवला. निंदणाला बाईची रोजी २५० रुपये, सकाळी जाऊन दुपार कलेपर्यंत सात तास. म्हणजे तासाला साधारण ३५ रुपये. हा आपला तळ. घरातल्या कामाचा तास याच्या खाली जात असेल तर आपण आपल्याच घरी निंदणापेक्षा स्वस्त राबतो. सावली आहे, लेकरू नजरेसमोर आहे, कुणाचं बोलणं ऐकावं लागत नाही, ही किंमत मी मानते. त्यासाठी कुणी तासाला थोडे कमी घ्यायला तयार असेल तर तिची मर्जी. पण आपण किती सोडतोय, ते आकड्यात कळून सोडावं.

धंद्याचा सल्ला देणारे सगळे भांडवलापासून सुरुवात करतात. आमच्याकडे गटाचं कर्ज मिळतं, बँकेचं मुद्रा आहे, शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण. गेल्या ऑगस्टपासून लाडक्या बहिणीचे महिन्याचे १५०० येतात, मी त्यांतूनच पाउच सील करायचं यंत्र घेतलं. पैसा थोडाफार उभा राहतो. पहाटे साडेपाच ते रात्री दहा या वेळात बाईच्या हातात स्वतःचे म्हणता येतील असे तास किती, ते कोणीच विचारत नाही. स्वयंपाक, पाणी, गुरं, लेकरं, म्हातारी माणसं, हंगामात वावर. माझ्याकडे दिवसाला अडीच तास निघतात. तेवढेच माझं भांडवल. ते कुठे लावायचं हा खरा प्रश्न, आणि हा प्रकल्प त्याच्यासाठी आहे.

तास लिहिताना सासूबाईंचे, लेकींचे तासही लिहायचे ठरलं.

७ एप्रिल २०२५

हळद दळून झाली, कुरोड्यांचे पहिले घाणे झाले, चौघींचे आकडे हाती आले. आज सगळं एका कागदावर मांडलं. सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

पापड, ५ किलो. डाळ, दळण, पापडखार, मिरी, हिंग, तेल मिळून ७५० रुपये. गावात आणि बाजारात २६० रुपये किलोने १३०० आले. उरले ५५०. पीठ मळणं, कुटणं, लाट्या, लाटणं, वाळवणं, मोजून बांधणं, सगळे मिळून १५ तास. तासाला ३६ रुपये. निंदणाचाच भाव.

कुरोड्या, १० किलो गव्हाचा घाणा. तीन दिवस गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, चीक काढायचा, घाटायचा, सोऱ्यातून पाडायचा. निघतात चार किलोच्या आसपास. गहू, इंधन, मीठ, दळण ४२० रुपये. ३५० रुपये किलोने १४०० आले. उरले ९८०, लागले १४ तास. तासाला ७०.

माझी चटणी, ५ किलो. जवस, तीळ, लसूण, मिरची, इंधन आणि पाउच धरून १००० रुपये. २०० ग्रॅमचा पाउच ८० रुपयांना, २५ पाउचचे २०००. सहा तास. तासाला १६५ च्या पुढे.

काकूंची हळद, २० किलो हळकुंडं. बाजारभाव १४० धरून २८००, दळणाई ४००, पाकिटं ३८०. किलोभर घट गेली. पाव किलोची ७६ पाकिटं, ९० रुपयांनी ६८४०. उरले ३२६०, तास १२. तासाला २७० रुपये, आणि तेही हळकुंडांचे पैसे काकांना देऊन.

किलोमागे नफा बघत होतो तेव्हा कुरोडी सगळ्यांत पुढे होती. किलोला २४५ सुटतात, काकूंच्या हळदीत १७० च. तासाने मोजल्याबरोबर क्रम उलटला. मावशी कागदाकडे बघत बसल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे माह्या कुरोड्या बेकार?”

बेकार नाहीत. एकट्या तासाच्या आकड्यावर निर्णय घेता येत नाही, कारण प्रत्येक मालाची अडचण वेगळी आहे. हळद हवी तेवढी वाढत नाही, काकूंचं वावर तेवढंच आणि एक घर वर्षाला किलो-दोन किलोच्या वर हळद घेत नाही. चटणी महिन्याला संपते, गिऱ्हाईक परत येतं, पण दळलेलं जवस लवकर खवट होतं, साठा करता येत नाही. कुरोडीला अडतं ते स्लॅब आणि ऊन. चीक सकाळी लवकर पडला पाहिजे, आणि मावशींच्या स्लॅबवर एका दिवसाला एकच घाणा बसतो. पापडाला तास लागतात, पण ते कसेही तोडून वापरता येतात, दुपारी बसून, लेकरू मांडीवर घेऊन. पहाटेचा तास आणि दुपारचा तास दोन्ही ६० मिनिटांचे असले तरी बाईच्या दिवसात त्यांचं वजन सारखं नसतं.

म्हणून प्रत्येकीच्या नावापुढे एकच ओळ लिहिली. काकू : माल मर्यादित, भाव वाढवता येतो का बघायचं. मावशी : जागा मर्यादित, आणखी स्लॅब हवेत. मी : टिकाव मर्यादित, थोडं थोडं आणि वारंवार. वहिनी : इथे मी काही लिहिलं नाही.

२० एप्रिल २०२५

वहिनी आठवडाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. आज स्वतःच आल्या.

पापड म्हणजे त्यांची ओळख आहे. लग्नाआधी माहेरी त्यांच्या आईच्या हाताचे पापड नावाजलेले, तोच हात यांना आला. गावात कुणाकडे लग्न असलं की आधी निरोप यांना. एका कागदाने हे सगळं निंदणाच्या भावाला बसवलं याचं त्यांना लागलं होतं, आणि लागणं साहजिक होतं. मी त्यांना म्हटलं, पापडात खोट नाही, पापड गावातल्या प्रत्येक घरी होतात म्हणून भाव चढत नाही. जे सगळ्यांना येतं त्याला गावात पैसा मिळत नाही, ते कितीही चांगलं करा.

लिज्जतचा विषय निघाला. वहिनींना वाटत होतं ती कुठली तरी मोठी कंपनी. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन ते सुरू केलं, हे सांगितलं. त्यातलं आमच्या कामाचं आहे ते हे, की तिथे पीठ केंद्रावर एकत्र मळतात आणि लाटायला बाया घरी नेतात. चव एका ठिकाणी सांभाळली जाते, हात हजारो घरांचे लागतात. एकटी बाई घरात डाळ आणण्यापासून पाकीट बांधण्यापर्यंत सगळं करते तेव्हा तिचे तास त्या मधल्या कामांतच जिरतात. वहिनींच्या १५ तासांतले लाटण्याचे निम्मेही नव्हते.

ठरलं ते असं. बाजारासाठी पापड बंद. लग्नाच्या ऑर्डरीचे पापड चालू, भाव ३२० रुपये किलो, निम्मे पैसे आगाऊ, पीठ ऑर्डर देणाऱ्याने दळून आणून द्यायचं. आणि एप्रिल-मे मध्ये वहिनींचा स्लॅब आणि त्यांचे सकाळचे तास मावशींच्या कुरोड्यांना. पैसे तासाने वाटायचे.

वहिनी हो म्हणाल्या. खुशीने म्हणाल्या असं मी लिहिणार नाही.

११ मे २०२५

ऊन असं की नऊच्या पुढे स्लॅबवर पाय ठरत नाही. कुरोड्या दोन दिवसांत कडक वाळतात. विदर्भाच्या उन्हाला सगळे नावं ठेवतात, पण वाळवणाच्या धंद्याला याच्यासारखं फुकटचं इंधन दुसरं नाही. मुंबईच्या दमट हवेत हे होत नाही.

आज गिऱ्हाइकांची यादी केली. कोण घेतं, कशासाठी घेतं.

गावातली बाई विकत घेते ती हात दुखतो म्हणून, किंवा घरात करणारं कुणी उरलं नाही म्हणून. ती भाव करते, आणि तिने करावाच, तिला त्या मालाची किंमत माहीत आहे. हिंगणघाटचा दुकानदार माल ठेवून घेतो, विकला गेला की पैसे. तिसरं गिऱ्हाईक पुण्यात बसलंय. आपल्याच भागातली पोरं, कंपनीत नोकरीला गेलेली, तिथे संसार मांडलेली. त्यांच्या आया ट्रॅव्हल्सच्या गाडीवर डबे पाठवतात, त्या डब्यांत आमचा माल आधीपासून जातोय. आम्ही त्याला धंदा म्हणून कधी बघितलं नव्हतं. त्या पोरांना तिकडच्या दुकानात कुरडई मिळते. धापोडे (पापडासारखं वाळवण), सरगुंडे, जवसाची लसूण घातलेली चटणी मिळत नाही. मिळाली तरी घरची लागत नाही.

या तिसऱ्या गिऱ्हाइकाला कुरोडी ४५० रुपये किलोने सांगितली, पाठवणावळ वेगळी. एकानेही भाव केला नाही. ४५० ने तोच १० किलोचा घाणा तासाला ९८ रुपये देतो. काम तेच, स्लॅब तोच, फक्त माल कुणाला द्यायचा ते बदललं.

लगेच सगळा माल पुण्याला, असं मावशी म्हणत होत्या. मी थांबवलं. गावातली बारा महिन्यांची गिऱ्हाइकं तोडायची नाहीत, त्यांच्यासाठी जुन्या भावाने दोन घाणे राखून ठेवायचे. पुण्याची पोरं दिवाळीला घरी येतात तेव्हा माल कुठला चांगला ते त्यांना याच बाया सांगतात.

२७ मे २०२५

वर्ध्याला काम होतं, मगनवाडीत जाऊन आले. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथेच स्थापन केला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते, आणि १९३८ पासून मगन संग्रहालय आहे. घाणी, चक्की, हातकागद, सगळं बघितलं. ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्थाही तिथेच आहे. नव्वद वर्षांपूर्वी या आवारात माणसं हाच विचार करत होती की गावातल्या घरात बनलेल्या वस्तूला टिकण्यासाठी काय लागतं. आपल्या जिल्ह्यात हे आहे आणि आपण कधी आत पाय टाकत नाही. चौघींना घेऊन जायचं आहे.

२२ जून २०२५

कागदपत्रं. अन्न सुरक्षेची नोंदणी चौघींची वेगवेगळी केली. २०२५ च्या नियमाप्रमाणे वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरते, वर्षाला १०० रुपये शुल्क, ऑनलाइन होते. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत.

काकूंकडे अडलं. घर काकांच्या नावावर, आणि सेतू केंद्रात बसलेल्या मुलाने विचारलं, मग नोंदणीही काकांच्याच नावाने करू का? काकू हो म्हणणारच होत्या. मी थांबवलं. हळदीचं काम कोण करतं? काकांचं संमतीपत्र जोडलं, नोंदणी काकूंच्या नावाने झाली, बँकेचं खातंही त्यांचंच दिलं. उद्या कर्ज, अनुदान, मोठी ऑर्डर, सगळं नोंदणीवरच्या नावाला मिळतं. ही बारीक बाब नाही. धंदा कुणाचा आहे ते ठरवणारी हीच ओळ आहे.

लेबलवर काय काय लागतं ते लिहून घेतलं : पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, घाणा क्रमांक, नाव-पत्ता, संपर्क, नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक आणि शाकाहारी असल्याची हिरवी खूण.

काकूंच्या मुलाने पाकिटावर ‘वायगाव हळद’ छापायचं ठरवलं होतं. वायगाव आमच्याच तालुक्यातलं, तिथल्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि काकूंचं बेणंही तिथलंच. तरी ते नाव आज छापता येत नाही. मानांकनाचं नाव वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःच्या नावाची नोंद व्हावी लागते. तो अर्ज करायचा, हे वहीत पक्कं केलं. तोपर्यंत पाकिटावर आमच्या गावाचं नाव. ‘कुरकुमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) सहा टक्क्यांच्या वर’ हेही छापायचं नाही, वायगावच्या हळदीची ती ख्याती असली तरी आमच्या हळदीची तपासणी आम्ही केलेली नाही. हळदीत भेसळ फार, लोक पाकिटावरच्या दाव्यांना भुलत नाहीत आता. त्याऐवजी अख्खी हळकुंडंही विकायला ठेवली. ज्याला विश्वास नाही त्याने स्वतः दळून घ्यावी. दोन घरांनी हळकुंडं नेली आणि पुढच्या वेळी दळलेली मागितली.

१३ जुलै २०२५

यंत्राचा विषय. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना आहे, २०२० पासूनची, प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, स्वतःचे किमान १० टक्के, बाकी बँकेचं कर्ज. गटाच्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवलही मिळतं. मसाला दळायचं यंत्र घ्यायचं असा काकूंच्या मुलाचा आग्रह. “पस्तीस टक्के सूट भेटते, सोडतं कायले?”

वही उघडली. काकू आणि मी मिळून वर्षाला दोनशे किलोच्या आसपास दळतो. चक्कीवाल्याची दळणाई २० रुपये किलो, म्हणजे वर्षाचे ४०००. यंत्राची किंमत ३५ हजार सांगतात. सूट धरूनही पाच-सहा वर्षांचं दळण त्यात गेलं, वीजबिल आणि दुरुस्ती वेगळी. आणि आमचं काम दळणावर अडलेलंच नाही! अडतं कुठे, ते एप्रिलच्या कागदावर लिहिलेलं आहे : वावर, स्लॅब, टिकाव, तास. जिथे अडत नाही तिथे पैसा ओतला तर माल वाढत नाही, हप्ता तेवढा वाढतो. अनुदान आहे म्हणून वस्तू घेणं आणि वस्तू लागते म्हणून अनुदान घेणं, यांतला फरक न कळल्याने गावोगावचे गट फसलेले मी बघितलेत. गटाच्या खोलीत ताडपत्रीखाली झाकलेली यंत्रं पडून आहेत.

योजना वाईट नाही. पुढे लोकांच्या मिरच्या-हळद दळून द्यायचा धंदा करायचा ठरला तर हिशोब वेगळा होईल. आज नाही.

२४ ऑगस्ट २०२५

पोळा झाला. हवा ओली. चटणीचे पाउच घाणा क्रमांकाने ठेवून दर आठवड्याला एक फोडून चाखते आहे. पाचव्या आठवड्यात वास बदलायला लागतो. लेबलवर ३० दिवस लिहिणार, जास्त नाही. पावसाळ्यात जवस अर्धवट भाजलं गेलं तर तेवढेही टिकत नाही.

१४ सप्टेंबर २०२५

मोठी ऑर्डर आली आहे. जामजवळ नागपूर-हैदराबाद महामार्गावरचा एक हॉटेलवाला, जेवणासोबत जवसाची चटणी ठेवतो. महिन्याला ६० किलो, २८० रुपये किलो, सुटी, पाउचशिवाय. पैसे दोन महिन्यांनी.

घरात सगळे खूश. सासरे म्हणाले, आता खरा धंदा झाला. मी दोन रात्री वही घेऊन बसले.

पाउच नसल्याने खर्च किलोला १७० वर येतो. किलोमागे ११० सुटले, महिन्याचे ६६००. भरणं-सील करणं नाही, म्हणून ६० किलोला ५४ तास. तासाला १२२. घरच्या पाउचपेक्षा कमी, पण निंदणाच्या तिपटीहून जास्त. इथवर उत्तम.

आता दुसरी बाजू. पहिले पैसे हातात यायच्या आधी तिसऱ्या महिन्याचा माल द्यावा लागेल, म्हणजे माझे ३० हजार त्याच्याकडे अडकतील. तेवढे माझ्याकडे नाहीत, गटातून काढावे लागतील, त्याचं व्याज मी भरणार. सूक्ष्म उद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला कायदा सांगतो, २००६ चा, आणि माझी उद्यम नोंदणी आहे. पण पैसे थकले तर मी त्याच्याविरुद्ध अर्ज करत बसणार आहे का, आणि केला तर तो पुढची ऑर्डर देणार आहे का?

पैशांपेक्षा मला तासांची चिंता जास्त वाटते. महिन्याचे माझे ७० ते ७५ तास. त्यांतले ५४ एका माणसाला. पुण्याची घरं, गावातल्या बाया, सगळ्यांना मी सहा महिने ‘सध्या नाही’ म्हणणार, आणि मग त्याने एक दिवस स्वयंपाक्याकडून चटणी करून घ्यायला सुरुवात केली की माझ्याकडे कुणीच उरणार नाही. एकाच दावणीला सगळी जनावरं बांधू नयेत हे आपल्याला वावरात कळतं, म्हणून कापसात तुरीची ओळ टाकतो.

३० सप्टेंबर २०२५

त्याला सांगून आले. महिन्याला २० किलो देईन, २७० रुपयांनी, तुमच्या भावापेक्षा दहा रुपये कमी, पण डबा उतरवला की पैसे. तो हसला आणि नाही म्हणाला. आठवड्याने त्याचाच फोन आला. २० किलोला १८ तास लागतात, २००० सुटतात, तासाला १११. माझ्या वेळेचा चौथा हिस्सा. तो उद्या थांबला तर दुखेल, पण मी पडणार नाही.

सासरे अजून म्हणतात, साठ किलो सोडायला नको होतं. त्यांच्या वयात त्यांना असा ठोक गिऱ्हाईक कधी मिळाला नाही, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला समजतं. माझं उत्तर बदलत नाही.

९ नोव्हेंबर २०२५

सोयाबीन पावसाने गेलं, दाणा काळा पडला. आता सगळ्यांची भिस्त कापसावर. वेचणी किलोला दहा रुपये, वहिनी आणि मावशी दोघी रोज वेचायला. घरच्या धंद्याचे तास जवळपास शून्य, आणि ते बरोबरच आहे. या महिन्यात वेचणीचा तास जास्त देतो.

दिवाळीत पुण्याच्या पोरांनी घरी येऊन हळद आणि कुरोड्या नेल्या, कुरोड्या संपल्या. पुढच्या वर्षाच्या आराखड्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर कोरा ठेवायचा, नवीन ऑर्डर घ्यायचीच नाही. शहरातल्या कार्यशाळेत शिकवतात तसं बारा महिने सारखी विक्री आखणं आमच्या गावात चालत नाही. आमचं वर्ष कापसाच्या बोंडावर चालतं.

७ डिसेंबर २०२५

चौघी बसलो. ठरलेलं लिहिते.

कुरोड्या वाढवायच्या, तीन स्लॅबवर, मावशी आणि वहिनी मिळून, नाव मावशींचं, पैसे तासाने. धापोडे नव्याने, थोडे. वहिनींचे लग्नाचे पापड ३२० वरून ३४०. या हंगामात त्यांना पापडाचा तास ५५ च्या वर पडला, कारण दळण आणि वाळवणाची निम्मी कामं त्यांच्या अंगावर राहिली नाहीत. सरगुंडे बंद करायचे असं आकडे सांगतात. मावशी म्हणाल्या, “ते मी करीनच, माह्या नातवाले लागते.” मग ते विक्रीच्या यादीतून काढले, मावशींच्या घरी राहिले. माझी चटणी आहे तेवढीच. काकूंच्या हळदीचं वापरकर्ता नोंदणीचं काम अर्धं झालं आहे.

काकांना हळकुंडांचे पैसे यंदा काकूंच्या खात्यातून खरोखर दिले, धनादेशाने. त्यांनी तो दोन दिवस खिशात ठेवला होता.

संक्रांतीचं वाण. हिंगणघाटच्या एका महिला मंडळाने ५० ग्रॅमच्या ३०० पुड्या सांगितल्या आहेत, २० रुपयांनी, निम्मे पैसे आले. १६ किलो हळकुंडं २२४०, दळणाई ३२०, पुड्या आणि लेबल ६००. सुटतात २८४०, तास १६ धरले आहेत, तासाला १७७. पुडी लहान असली तरी लेबलवरचा मजकूर सगळा लागतो, तो एवढ्याशा जागेत वाचता येईल असा बसवून घ्यायचा आहे.

काकू मंगळवारी हळकुंडं निवडणार. बुधवारी दळण, चक्कीवाल्याकडे पहाटेचा पहिला नंबर सांगून ठेवला आहे, मिरचीच्या मागे आपली हळद जाऊ द्यायची नाही. भरायला वहिनी आणि मी, कापूस वेचून झाला की दुपारी. पुड्या १० जानेवारीच्या आत हिंगणघाटला पोचल्या पाहिजेत.